सुनंदाबाईचं उजवं कोपर

पारोळ्याहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत सुनंदाबाई मांडीवर स्टीलचे दोन डबे घेऊन बसली होती, आणि डब्यांत काय आहे ते तिनं कंडक्टरलाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? नसांच्या डॉक्टरनं कणीक मळून आणायला सांगितलीय म्हणून? तो हसला असता आणि मागोमाग सगळी गाडी हसली असती. एका डब्यात कणीक, दुसऱ्यात पुरण, वरून ओलं फडकं. चैत्राअखेरचं ऊन असं की खिडकीचा गज धरवत नव्हता. बाईला एकच घोर लागला होता, कणीक सैल पडली तर डॉक्टरसमोर मांडा ताणायचा कसा.

आता मांडा म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. लाटण्याचं काम फक्त सुरुवातीला, तळहाताएवढं. पुढं पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत, मनगटांवरून सोडत, कोपरापर्यंत वाढवत न्यायची. पुरण आत, फाटायचं नाही. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. त्याच्याएवढा मांडा झाला की एका झटक्यात वर पसरायचा. बघणाऱ्याला वाटतं, बाई पोळी नाही, ओढणी वाळत घालतेय. ज्यांना येतं त्यांना येतं, बाकीच्यांनी पाटावर बसून खावं.

सुनंदाबाईला यायचं. असं यायचं की जळगाव-धुळ्याच्या लग्नांत भाईदासभाऊ केटररचं नाव पत्रिकेत नसलं तरी चालायचं, पण मांड्याला पारोळ्याची सुनंदाबाई आहे ना, हे वरपक्ष आधी विचारून घ्यायचा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा जितेंद्र दीपनगरला नोकरीला, सून कामिनी तिथंच. घरी ती एकटी. पण हातात काम होतं, आणि कामात सोबतीला कौतिकअक्का होती, त्यामुळं एकटेपणाला घरात शिरायला जागाच मिळाली नव्हती.

आणि मग हात बिघडला.

बिघडला म्हणजे कसा, हेच कोणाला कळेना. भाकरी थापायला हात चांगला. सुईत दोरा ओवायला चांगला. पाण्याचा हंडा उचलायला, केस विंचरायला, जास्वंदाची फांदी मोडायला चांगला. पण मांडा हातावर आला की उजवं मनगट आपोआप आत वळायचं, बोटं मुडपायची, आणि पोळी फाटून पुरण जमिनीवर. मनगटाला म्हणावं सरळ हो, तर ते आणखीच वळायचं. बाई रडकुंडीला यायची. हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला, हाड ठणठणीत. जळगावला मोठं मशीन झालं, मान ठणठणीत. तेल चोळलं, शेक घेतला, लेप लावला. लग्नातल्या बायका कुजबुजायच्या, "हात तं हालस, मंग याच कामले काय व्हस?" कोणी तर तोंडावर म्हणाली, सोंग करते, आता दमली असेल. जितेंद्र फोनवर म्हणायचा, "आई, वय झालं, सोड ना आता. ये इकडं." सोड म्हणे! स्वतःच्या हातानं असं परकं व्हावं आणि कोणी खरंही मानू नये, याचं दुःख पोराला कळेना. कोणालाच कळेना.

या सगळ्यात सुनंदाबाईनं एक घोडचूक करून ठेवली होती.

कौतिकअक्का तिच्याच गल्लीतली, चार घरं सोडून, पाच-सहा वर्षांनी मोठी. दोघींनी तीस वर्षं एका चुलीवर मांडे केले. अक्का शेजारी बसून पुरण भरून लाटून द्यायची, चुलीतल्या काड्या मागंपुढं करायची, भाजलेला मांडा घडी घालून उतरवायची. ताणायचं काम सुनंदाबाईचं. दोन वर्षांपूर्वी भाईदासभाऊंनी चुली मोडीत काढल्या आणि गॅसच्या शेगड्या आणल्या, कमरेएवढ्या उंच. उभ्यानं काम, गुडघे दुखायचे नाहीत, आणि प्रत्येकीला तिची तिची शेगडी. भाऊंचा हेतू वाईट नव्हता. अक्काही मग ताणायला लागली, येत होतंच तिला. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी सुनंदाबाईचा हात वळायला लागला.

गेल्या वर्षी चाळीसगावच्या एका लग्नात लागोपाठ चार मांडे फाटले. पंगत थांबली. पलीकडच्या शेगडीवरून कौतिकअक्का धावत आली नि म्हणाली, "आन इकडे, मी करस." एवढंच. बिचारीच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण सुनंदाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. वऱ्हाडी, आचारी, वाढपी सगळे ऐकतायत, आणि ही ओरडली, "तूच करस ना आते बठ्ठं! तुनीच नजर लागनी मना हातले!"

सगळं आता तूच करतेस, तुझीच नजर लागली, हे ऐकून अक्का माघारी वळली. आपलं खापर कपड्यात बांधलं आणि मिळेल त्या गाडीनं निघून गेली.

तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण नाही! घरी येऊन हिनं हातावरून मीठ-मोहरी-मिरच्या उतरवल्या. आपल्याकडं ते चुलीत टाकायची रीत. हिनं ते नेऊन ओतलं कौतिकअक्काच्या उंबऱ्यावर, दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत. जिची नजर तिच्या दारात. अक्का केरसुणी घेऊन बाहेर आली, स्वतःच्या हातानं मीठ-मोहरी झाडली, आणि दार लावून घेतलं. ते आजतागायत. वर्ष झालं, चार घरांच्या अंतरावर राहून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. भाईदासभाऊंनी बोलावणं बंद केलं. सुनंदाबाईच्या घरी दिवसभरात बोलणारं काही असेल तर ते टीव्हीतलं.

आणि आता आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी जितेंद्र तिला न्यायला येणार होता, घराला कुलूप घालून, कायमची. बाईनं त्याला एवढंच सांगितलं होतं, आखाजीला तुझ्या बापाच्या नावानं पुजलेल्या घागरीवर माझ्या हातचे पाच मांडे ठेवते, ते जमलं तर राहते, नाही जमलं तर येते. पाच मांडे. एके काळी ती पाचशे करायची.

धुळ्याचा डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. मागच्या वेळी त्यानं सगळं ऐकून घेऊन म्हटलं होतं, "मावशी, नुसतं सांगून नाही कळणार. पुढच्या वेळी सामान घेऊन या, माझ्यासमोर करा." आज त्यानं खरंच टेबल मोकळं करून दिलं. शिपाई दारात उभा राहून बघायला लागला. सुनंदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पदर खोचला, गोळा भरला, हातावर घेतला. एक फेर, दोन फेर. तिसऱ्या फेराला मनगट आत वळलं आणि पुरण डॉक्टरच्या कागदांवर.

"हेच बघायचं होतं," डॉक्टर म्हणाला. रागावला नाही. "मावशी, हात हलवायचा हुकूम डोक्यातून सुटतो, पाठीच्या कण्यातून खाली येतो आणि नसेतून स्नायूपर्यंत पोचतो. मनगटाला दोन बाजूंचे स्नायू. एक वर ओढणारा, एक खाली. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं, असं त्यांचं चालतं. तुमचं मांडा हातात आला की दोघांनाही एकदमच ओढायचा हुकूम जातो. म्हणून हात वळतो."

"म्हणजे डोकं फिरलं माझं?"

"नाही हो! डोक्यात एकेका बोटाची आपापली जागा ठरलेली असते. तुम्ही तीस-चाळीस वर्षं एकच काम केलं. फार वापरून त्या जागांमधल्या रेघा कोणाकोणाच्या पुसट होतात. कोणाला फक्त लिहिताना होतं, कोणाला फक्त तबला वाजवताना. बाकी हात चांगला."

"म्हणजे मी सोंग नाही करत?"

"सोंग? कोण म्हणतं?"

"सगळेच," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी खरं मानलं होतं, आणि तेही परक्या माणसानं. मग पदरानं डोळे पुसून तिनं हळूच विचारलं, "डॉक्टर, हे नजर लागून नाही ना होत?"

"नजरेनं स्नायू आवळत नाहीत, मावशी."

तो सहज बोलला आणि पुढच्या कामाला लागला. सुनंदाबाई मात्र जागच्या जागी गार पडली. तिला दिसलं ते फक्त केरसुणी घेऊन वाकलेलं म्हातारं माणूस.

"आणखी एकदा करा. कोणता स्नायू आवळतोय ते हात लावून बघतो," असं म्हणून डॉक्टर तिच्या उजव्या बाजूला आला आणि तिच्या कोपराखाली त्यानं दोन बोटं टेकवली. तिनं गोळा घेतला. एक फेर, दोन फेर, तीन, चार. मनगट सरळ! मांडा वाढत गेला, ताटाएवढा, परातीएवढा, पार कोपरापर्यंत लोंबला. शिपाई म्हणाला, "आयला!" डॉक्टरनं बोटं काढली आणि मनगट वळलं. पुन्हा बोटं लावली, पुन्हा सरळ. तीनदा केलं, तीनदा तसंच. डॉक्टर पोरासारखा खूश झाला.

"असं असतं कधीकधी. मेंदू नुसता हुकूम सोडत नाही, त्याला खालून खबरही लागते, हात कुठं आहे, कशाला टेकलाय. ठरावीक जागी ओळखीचा स्पर्श झाला की तो भानावर येतो. तुमच्या कोपराला काम करताना कोणी हात लावायचं का?"

"नाही बा," सुनंदाबाई म्हणाली. तेव्हा तिला खरंच आठवलं नाही.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, इंजेक्शनचंही सांगितलं, पण त्यानं हात थोडा अशक्त होऊ शकतो म्हणून बाई नको म्हणाली. मग त्यानं कोपराला बांधायला एक रबरी पट्टा दिला. "पूर्ण जाईल असं सांगत नाही. पण बांधून बघा, काही दिवस काम भागेल."

घरी आल्याबरोबर तिनं चूल पेटवली, खापर ठेवलं, पट्टा बांधला. पहिला मांडा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला मनगट पुन्हा आत. पट्टा सैल केला, आवळला, वर सरकवला, खाली सरकवला, उपयोग शून्य. डोकं हुशार, त्यानं पट्ट्याला दोन मांड्यांत ओळखलं. मग तिनं कोपर भिंतीला टेकवून बघितलं. भिंत हलत नाही, मांडा ताणताना तर अंग हलतं. मग सरकीची उशी लावून बघितली. ती घसरून चुलीशी गेली, जळता जळता वाचली. बाईनं उशीलाच चार शिव्या हासडल्या आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती ट्रंक आवरायला बसली. दीपनगरला जायचंच, तर जुनं काढून टाकावं. कामाचे सुती ब्लाऊज निघाले, बारा-पंधरा तरी. बोहारणीला द्यावेत म्हणून एकेक झटकून बघत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या ब्लाऊजला तिचा हात थांबला. बाही कोपरापर्यंत. उजव्या बाहीची कड विरलेली. पुढचा घेतला, त्याचीही उजवीच. पुढचा, त्याचीही. डावी बाही एकाचीही विरलेली नव्हती, धुवट पण धड. एका ठिकाणी तर ठिगळ होतं, आणि ते ठिगळही विरलं होतं.

तीस वर्षं चुलीपुढं एका बसकरावर दोघी. जागा कमी, म्हणून खेटून. उजवीकडं कौतिकअक्का. ती लाटायला वाकली की तिचा डावा खांदा सुनंदाबाईच्या कोपराखाली यायचा, ती काडी सारायची तेव्हा बाजूला व्हायचा, पुन्हा यायचा. ते कधी ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. शेगड्या आल्या, उभ्यानं काम आलं, मध्ये चार हातांचं अंतर पडलं. आणि सुनंदाबाईनं काय केलं? ज्या खांद्यावर हात चालत होता त्याच्याच दारात मीठ ओतलं.

ती त्या ब्लाऊजांच्या ढिगात बसून मोठ्यानं रडली. ऐकायला कोणी नव्हतंच, त्यामुळं पदर तोंडावर धरायचीही गरज नव्हती.

आखाजीच्या आदल्या दुपारी ती चार घरं चालून गेली. वर्षभरात ही चार घरं केवढी लांब झाली होती! कौतिकअक्का ओट्यावर गहू निवडत बसली होती. वाळली होती. तिनं वर बघितलं, सूप खाली ठेवलं नाही.

"काय वं, काय काम काढं?"

सुनंदाबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. घाबरली म्हणजे ती भरभर बोलते. धुळ्याचा डॉक्टर, दोन बोटं, पट्टा, उशी, ब्लाऊजच्या बाह्या, उद्याचे पाच मांडे. अक्कानं सगळं ऐकून घेतलं, गव्हातला एक खडा काढून टाकला, आणि म्हणाली,

"वरीसभर तू माले इचारं नही. आते खांदा याद वना. मंग तुले मना खांदा जोयजे, मी नही."

ते खरं होतं. खांदा हवा म्हणून सुनंदाबाई आली होती, अक्का हवी म्हणून नव्हे. ती आली होती औषध मागायला. माफी तिनं अजून मागितलीच नव्हती. सगळं सांगून झालं, तेवढंच राहिलं होतं.

"मी चुकनी, अक्का," ती म्हणाली. "नजर-बिजर काही नव्हती. मनीच जीभ वाईट." अक्का गहू निवडत राहिली. "खांदा नको माले. हात जास तं जाऊ दे. तू डावी बाजूले बठ. तठे तुना काहीच उपेग नही. नुसती बठ. माले येकलीले करमत नही वं."

अक्काचं सूप थांबलं. पण ती एवढंच म्हणाली, "जाय घर. ऊन लागी," आणि सूप उचलून आत गेली. दार मात्र लावलं की नाही ते बघायला सुनंदाबाई थांबली नाही, तिची हिंमत झाली नाही.

आखाजीच्या सकाळी गल्लीत झोके बांधले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. सुनंदाबाईनं नवऱ्याची घागर पुजली, आमरस काढून ठेवला, चूल पेटवली. बसकर अंथरलं. बसकर मोठं, दोघींचं. एकटीनं बसलं की उरायचं. पट्टा तिनं बांधला नाही. फाटतील तर फाटोत. म्हाताऱ्याला काय, जिवंतपणीही तो सांडलेलं पुरण बोटानं उचलून खायचा. उद्या दुपारी जितेंद्रची गाडी येणार, तेव्हा बॅग भरायचीच आहे, असं मनाशी घोकत तिनं पहिला गोळा भरला.

दारात सावली पडली. कौतिकअक्का आत आली, चपला काढल्या, इकडंतिकडं बघितलं नाही, आणि येऊन बसली. डाव्या बाजूला. सांगितल्याप्रमाणं, जिथं तिचा काही उपयोग नव्हता तिथं.

सुनंदाबाईनं गोळा हातावर घेतला. तिसऱ्या फेराला मनगट वळलं, मांडा फाटला. तिनं फाटकाच खापरावर टाकला. अक्कानं तो डावीकडून हात लांबवून उलटला, भाजला, उतरवला, एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि शांतपणे खाल्ला. दुसरा तर खापरापर्यंतही पोचला नाही. अक्कानं राखेतला लगदा चिमट्यानं काढला. सुनंदाबाईला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं तिसरा गोळा भरून, लाटून, पुढं सरकवला, पूर्वीसारखाच, आणि सुनंदाबाईचा तो हातावर घ्यायचा धीर होईना.

तेव्हा अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. चुलीला वळसा घालून उजवीकडं आली.

"सरक जराशी," ती म्हणाली.

सुनंदाबाई सरकली. अक्का बसली, काडी आत सारली, आणि तिचा डावा खांदा कोपराखाली येऊन टेकला, होता तिथं. खांद्याचं हाड आता जास्त टोचत होतं. सुनंदाबाईला समोरचा गोळा दिसेना, खापर दिसेना, सगळं पाण्यात गेलं.

"रडू नको आते," कौतिकअक्का चुलीकडं बघत म्हणाली. "कनिकमा मीठ आधीच पडेल शे."

सुनंदाबाईनं बाहीनं नाक पुसलं आणि गोळा उचलला.